स्वामित्वधनाचा हिशेब धन्यालाच का दिसत नाही?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

वाळू, मुरूम यांसारख्या गौण खनिजाची बेकायदा वाहतूक करणारे डंपर पकडल्याची बातमी आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर महिन्यातून दोन-तीनदा तरी येते. बातमीचा साचा ठरलेला असतो. रात्रीची गस्त, तहसीलदारांचे पथक, दोन किंवा तीन डंपर, चालक पळून गेला किंवा ताब्यात घेतला, आणि शेवटी ‘शासनाचा इतक्या रुपयांचा महसूल बुडाला’. मी महसूल खात्यात तीस वर्षांहून अधिक नोकरी केली, त्यातली शेवटची काही वर्षे मंडळ अधिकारी म्हणून, आणि असे कितीतरी पंचनामे माझ्या हातचे आहेत. हे वाक्य मीही त्यांत लिहिले आहे. निवृत्तीनंतर ते मला खटकू लागले, त्याचे कारण मांडण्यासाठी हे पत्र.

महसूल म्हटले की डोळ्यांपुढे कर येतो, आणि कर चुकवणे ही आपल्याकडे अर्धी चोरी आणि अर्धी हुशारी समजली जाते. वाळू, मुरूम, खडी किंवा जांभ्याचा चिरा यांवर शासन जी रक्कम घेते, ती मात्र कर नाही. दप्तरात तिला स्वामित्वधन म्हणतात. बाहेर सगळे रॉयल्टीच म्हणतात, आणि ‘रॉयल्टी भरलीय साहेब’ हे शब्द रस्त्यावर अडवलेल्या प्रत्येक चालकाच्या तोंडी असतात. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, आठ विरुद्ध एक अशा बहुमताने आणि १९८९चा आपलाच निर्णय बाजूला सारून, असे स्पष्ट केले की रॉयल्टी हा कर नसून खनिज काढण्याच्या हक्काबद्दल पट्टेदाराने पट्टा देणाऱ्याला द्यायचा मोबदला आहे. निकालानंतरची सगळी चर्चा राज्यांना खनिजांवर वेगळा कर लावता येईल की नाही आणि २००५ पासूनची थकबाकी कंपन्या कशी भरणार, याभोवतीच फिरली. मला त्यातला मोबदला हा शब्द महत्त्वाचा वाटतो, कारण मोबदला न देता नेलेल्या मालाला मराठीत महसूल बुडणे म्हणत नाहीत, चोरी म्हणतात.

मग मालक कोण, हा प्रश्न येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे, सनदेत किंवा कायद्यात वेगळे काही म्हटलेले नसेल तर जमिनीखालच्या खनिजांवरचा हक्क राज्याचा आहे. आमच्या सिंधुदुर्गात हे सामान्य शेतकऱ्याला पटवणे फार अवघड जाते. एका म्हाताऱ्याने मला त्याच्या वरकस जमिनीत उभे राहून विचारले होते, ‘‘माझ्या जमनीतलो चिरो, मगे सरकाराक पैशे कित्याक?’’ मी त्याला कलम सांगितले, पण त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. सरकार म्हणजे तू आणि मी, हा चिरा तुझ्या एकट्याचा नसून सगळ्यांचा आहे आणि त्याची किंमत सगळ्यांच्या तिजोरीत जाते, असे सांगायला हवे होते. ते माझ्या जिभेवर आले नाही, कारण किंमत तिथेच जाते याची खात्री मला स्वतःलाच नव्हती.

ती का नव्हती, ते एका गाडीवरून सांगतो. गौण खनिजाचे माप ब्रास, म्हणजे १०० घनफूट. पहाटे तीनच्या सुमारास तिठ्यावर अडवलेल्या एका डंपरचा पास दोन ब्रासचा होता. टॉर्चच्या उजेडात आम्ही टेपने हौदा मोजला: लांबी चौदा फूट, रुंदी सात फूट, आणि फाळक्यावर व दोन्ही अंगांना जाड फळ्या ठोकून वाढवलेली उंची साडेतीन फूट. गुणाकार ३४३ घनफूट, म्हणजे जवळजवळ साडेतीन ब्रास. आजच्या ६०० रुपये ब्रास या दराने हिशेब केला तर एका खेपेत साधारण साडेआठशे रुपयांचा माल फुकट गेला. रक्कम किरकोळ वाटते, पण त्या पासावर तारीख आणि वेळ यांच्या जागा कोऱ्या होत्या. चालकाच्या खिशात पेन होते. पुढे कोणी अडवले तरच ती जागा भरायची आणि नाही अडवले तर तोच पास दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेपेला वापरायचा, अशी ती पद्धत. हे छापील पासांच्या काळातले झाले. आता पास ऑनलाइन निघतात आणि गाडीवर जीपीएस असते, त्यामुळे पेनची जागा दुसऱ्या युक्त्यांनी घेतली आहे. मात्र फळ्या अजून दिसतात.

आपल्या बातम्यांत ज्याचे नाव येते तो हा चालक असतो. दिवसाच्या रोजावर गाडी चालवणारा, दंडाचा आकडा ऐकून रडकुंडीला येणारा. बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड कायद्यात आहे, आणि तो चालकाने भरावा असे कोणालाच वाटत नाही. गाडीचा मालक वेगळा, खाणपट्टा तिसऱ्याच्या नावावर, आणि पट्टा ज्याच्या शब्दाने मिळाला तो चौथा. त्या पहाटे पंचनाम्यावर पंचांच्या सह्या होईपर्यंत मला तीन फोन आले. पहिल्या दोघांनी नाव सांगून विनंती केली. तिसऱ्याने नाव सांगितले नाही, फक्त माझ्या मुलीचे कॉलेज कुठे आहे ते विचारले. पंचनामा मी पूर्ण केला, आणि काही महिन्यांनी माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. बदली प्रशासकीय कारणास्तव होती आणि ते कारण काय, हे विचारण्याची प्रथा आमच्या खात्यात नाही. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. माझ्याहून कितीतरी अधिक सोसलेले तलाठी आणि तहसीलदार या राज्यात आहेत, काहींच्या अंगावर वाळूवाल्यांनी गाड्या घातल्या आहेत. लिहिले ते एवढ्यासाठी, की साडेआठशे रुपयांच्या फरकासाठी पहाटे तीन वाजता एवढे वजनदार फोन होत नाहीत. त्या फोनमागे कुठला तरी मोठा हिशेब असतो आणि तो हिशेब कोणत्याही पासावर लिहिलेला नसतो.

हा मोठा हिशेब कसा असतो हे पाहायचे तर तेरेखोल ओलांडून गोव्यात जावे लागते. माझी सासुरवाडी डिचोली तालुक्यातली, त्यामुळे २००५ ते २०१२ ही वर्षे मी तिथल्या रस्त्यांच्या कडेला उभे राहून पाहिली आहेत. दुपारी बारालाही ट्रकांचे दिवे लागलेले, माडांच्या झावळ्या लाल झालेल्या, आणि मांडवीतून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जची रांग न तुटणारी. चीनची मागणी वाढल्यामुळे लोहखनिजाचा भाव टनामागे शंभर डॉलरच्या वर गेला होता. त्याच काळात, ऑगस्ट २००९ पर्यंत, आपल्या देशातली रॉयल्टी टनामागे ठरावीक रुपयांत होती, आणि अगदी वरच्या प्रतीच्या ढेपांनाही ती २७ रुपयांच्या पुढे जात नव्हती. त्यानंतर ती किमतीच्या दहा टक्के झाली आणि २०१४ मध्ये पंधरा टक्के. म्हणजे कागद पूर्ण चोख असले आणि प्रत्येक टनाची रॉयल्टी भरलेली असली, तरी मालकाने आपला माल कवडीमोलाने दिला होता. फळ्या लावलेला डंपर निदान बेकायदा तरी होता.

पुढचा घटनाक्रम अनेकांना ठाऊक आहे, पण तो एका ओळीत ठेवून पाहिला जात नाही. न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि बेकायदा उत्खननामुळे झालेल्या नुकसानीचा त्यातला अंदाज सुमारे ३५,००० कोटींचा होता. या आकड्यावर वाद आहेत, ते मला मान्य आहे. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की पोर्तुगीज काळात दिलेल्या खाणहक्कांचे १९८७ च्या कायद्याने जे खाणपट्टे झाले, त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती आणि त्यानंतर काढलेला सगळा माल बेकायदा होता. दिवसाढवळ्या, हजारो ट्रकांतून, बंदरावर वजन होऊन, पाच वर्षे. त्यानंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले, आणि त्यातले बरेचसे, लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा अध्यादेश १२ जानेवारी २०१५ रोजी निघण्याच्या आदल्या आठवडाभरात उरकले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने तेही रद्द केले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये पहिले लिलाव झाले, तेव्हा डिचोलीच्या पट्ट्यासाठी यशस्वी बोली खनिजाच्या किमतीच्या ६३ टक्क्यांहून अधिक होती, आणि ती रॉयल्टीशिवाय वेगळी द्यायची. ज्या मालासाठी कधी काही रुपये आणि नंतर दहा-पंधरा टक्के घेतले जात होते, त्यासाठी उघड्या बाजारात माणसे एवढी किंमत द्यायला तयार होती. मधला सगळा फरक इतकी वर्षे कोणाकडे राहिला आणि त्यातला किती वाटा पट्टा टिकवण्यासाठी खर्च झाला, हा प्रश्न मग कोणाच्याही मनात यावा.

या प्रश्नाचे एक उत्तर योगायोगाने न्यायालयाच्याच दप्तरात आहे. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी खाणधंद्यातल्या वेदांत समूहाच्या स्टरलाइट आणि सेसा गोवा या कंपन्यांकडून २००९ पर्यंत घेतलेल्या देणग्या विदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याचा भंग करणाऱ्या होत्या, कारण या कंपन्यांची मालकी विदेशी होती. केंद्र सरकारने आणि निवडणूक आयोगाने सहा महिन्यांत कारवाई करावी, असेही त्यात होते. कारवाई झाली नाही, कायदा मात्र बदलला. २०१६ च्या वित्त विधेयकातून ‘विदेशी स्रोत’ या शब्दांची व्याख्या मागील तारखेने, २०१० पासून, सैल करण्यात आली. ज्या देणग्यांवर बोट होते त्या १९७६ च्या जुन्या कायद्याखाली येत असल्याने ते पुरेसे पडले नाही, म्हणून २०१८ च्या वित्त विधेयकात ती तारीख ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. ते विधेयक लोकसभेत चर्चेविना मंजूर झाले. बेचाळीस वर्षे मागे जाऊन स्वतःचा दोष पुसणारी तरतूद आम्ही सातबाऱ्याच्या फेरफारात केली असती, तर निलंबनाचा आदेश संध्याकाळपर्यंत हातात पडला असता.

त्याच काळात निवडणूक रोखे आले, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला देणगी देण्याची सोय. २०१७ च्या वित्त कायद्याने वाट मोकळी केली, २ जानेवारी २०१८ रोजी योजना अधिसूचित झाली, आणि कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही निघाली, त्यामुळे तोट्यातली कंपनीसुद्धा हवी तेवढी देणगी देऊ लागली. देणगीदाराला विरोधी पक्षाच्या रागाची भीती असते म्हणून नाव गुप्त राहिले पाहिजे, असे समर्थन दिले गेले. हे समर्थन अगदीच पोकळ नाही. ज्याचा पट्टा नूतनीकरणाला आला आहे त्याची भीती मी जवळून पाहिली आहे. पण नाव स्टेट बँकेला कळत होते, देणगी घेणाऱ्या पक्षाला देणारा स्वतः सांगू शकत होता, आणि तपास यंत्रणांना ते मागता येत होते. ज्याला मुळीच कळू शकत नव्हते असा एकच माणूस उरला, तो म्हणजे मतदार. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना रद्द केली, तोवर १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले होते. बँकेने ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकेपर्यंत, मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारली आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. सर्वांत मोठी खरेदी लॉटरीच्या कंपनीची होती, दुसरी रस्ते आणि बोगद्यांची कंत्राटे घेणाऱ्या कंपनीची, आणि पहिल्या काही नावांत सुमारे ४०० कोटींसह वेदांतही होती. लॉटरी, कंत्राट, खाण. तिन्ही धंदे सरकारच्या परवान्यावर चालणारे. देणगी दिली म्हणून काम मिळाले असे मी म्हणत नाही, तसे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. मालकाच्या मालाचा भाव ठरवणारा कारभारी त्याच मालाच्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेतो आणि मालकाला सांगत नाही, एवढेच म्हणतो. आमच्या गावी कोणत्याही खोताने किंवा देवस्थानच्या मानकऱ्याने असे केले असते, तर त्याला जत्रेत तोंड दाखवता आले नसते.

रोखे गेले म्हणून गुप्त पैसा गेला, असा मात्र समज नको. २०,००० रुपयांपर्यंतची देणगी देणाऱ्याचे नाव पक्षाने निवडणूक आयोगाला कळवण्याची गरज आजही नाही. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाखांची आहे, त्याच्या पक्षाला मर्यादाच नाही. केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणले, पण त्यांच्यापैकी एकानेही तो आदेश पाळला नाही. तलाठ्याने माहितीच्या अर्जाला एकतिसाव्या दिवशी उत्तर दिले तर त्याच्या पगारातून दंड कापण्याची तरतूद आहे, हे या ठिकाणी आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि ज्याचा पट्टा आहे तोच लोकप्रतिनिधी असला तर? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे सरकारला माल पुरवण्याचे किंवा सरकारी काम करण्याचे कंत्राट असलेला माणूस आमदार होण्यास अपात्र ठरतो. खाणपट्टा यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात ठरवले. शब्दाला शब्द लावून पाहिले तर ते बरोबरही असेल. झारखंडचे मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांना २०२१ मध्ये रांचीजवळ एक एकराहूनही लहान दगडखाणीचा पट्टा मिळाला, तेव्हा खाण खातेही त्यांच्याकडेच होते. पट्टा त्यांनी परत केला आणि तिथून काही काढले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या अपात्रतेविषयीचे आपले मत निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये बंद लखोट्यात राज्यपालांना कळवले. त्या लखोट्यात काय होते, ते आजवर जाहीर झालेले नाही. त्यांना दोषी ठरवले की निर्दोष, यापेक्षा ते मत मतदारांपासून लपवण्याचे कारण काय, हे मला अधिक विचारावेसे वाटते.

मला काही मोठे कायदे सुचवायचे नाहीत. माझा अनुभव तालुक्यापुरता आहे. प्रत्येक खाणपट्ट्याचा गट क्रमांक, पट्टेदार, त्याचे भागीदार, मंजूर ब्रास, भरलेले स्वामित्वधन आणि वर्षातून एकदा यंत्राने मोजलेल्या खड्ड्याचे घनफळ ही सगळी माहिती जिल्हा खनिकर्म कार्यालयात आजही असते. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला नवा कर्मचारी लागत नाही. पास आणि खड्डा यांचा मेळ लागत नसेल तर तो गावातल्या दहावी झालेल्या मुलालाही दिसेल. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात सरकारी कंत्राटांची माहिती २०१८ पासून द्यावी लागते. त्याच रकान्याखाली खाणपट्टे, क्रशर आणि वाळूचे ठेके, स्वतःचे व जवळच्या नातेवाइकांचे, एवढा एक रकाना वाढवता येईल. पक्षांनी देणगीदारांची नावे वर्ष उलटल्यावर न देता महिन्याच्या महिन्याला द्यावीत. पट्ट्यांची यादी आणि देणग्यांची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम मग कोणत्याही आयोगाची वाट न पाहता निवृत्त माणसेसुद्धा करतील. आम्हाला वेळ भरपूर असतो.

एक विनंती आपल्यालाही आहे. डंपर पकडल्याच्या बातमीत गाडीचा नंबर, चालकाचे वय आणि गाव इथवर सगळे छापून येते. माल कोणत्या गटातून निघाला, तो पट्टा कोणाच्या नावावर आहे, मागच्या वर्षी त्याच पट्ट्यावर किती दंड आकारला आणि त्यातला किती वसूल झाला, हे आपल्या बातमीदाराने तहसील कार्यालयात जाऊन विचारावे. विचारल्यास ते सांगावे लागते. मी तिथे असताना कोणी विचारायला आले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मंडळ अधिकारी,
सावंतवाडी